पितृपक्षातलं विमान

खान्देशात पैसा दाखवायची रीत नाही. लग्नात दाखवतात, ती गोष्ट निराळी. माझ्या माहेरी अमळनेरात महंमद प्रेमजींनी १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच पुढे विप्रो झाली, आणि ज्या घरांनी तिचे शेअर्स विकले नाहीत ती कागदावर कोट्यधीश आहेत. पण त्यांच्यातले कितीतरी जण आजही सुरतेला निघताना स्लीपरचंच तिकीट काढतात, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतात, आणि विचारलंच कुणी तर म्हणतात, एसीत सर्दी होते. अशा गावच्या मुलीने विमानाच्या पुढच्या भागातल्या, पाय पसरून झोपता येईल अशा खुर्चीच्या भाड्याचा नाद धरावा, हे माहेरी कुणाला फारसं पटलेलं नाही. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी हा उद्योग करते. भाऊ म्हणतो, इतका अभ्यास तेव्हा केला असतास तर मॅनेजर झाली असतीस.

माझं म्हणणं साधं आहे. मुंबईकर घरी जेवून, रिक्षा करून विमानतळावर जातो. आपला प्रवास तिथे सुरू होत नाही, तिथे निम्मा झालेला असतो. जळगावला विमानतळ आहे, २०१२ साली त्याचं उद्घाटन झालं. 'उडान' योजनेत २०१७च्या डिसेंबरात मुंबईचं विमान सुरू झालं, काही महिन्यांत बंद पडलं, पुढे कधी या गावाचं, कधी त्या गावाचं सुरू होत राहिलं. परदेशाचं तिकीट अशा विमानाच्या भरवशावर काढायची माझी तरी हिंमत होत नाही. म्हणजे रात्रीची गाडी आलीच. एक रात्र गाडीत गेली की दुसरी रात्र विमानात ताठ बसून काढायची, आणि तिसऱ्या दिवशी समुद्राकाठच्या खोलीत पडदे ओढून झोपायचं. खोलीचं भाडं त्या झोपेसाठीच भरल्यासारखं होतं. गुडघे बदललेल्या, ऐंशीला टेकलेल्या बाईला सोबत न्यायचं असेल तर आडवी होणारी खुर्ची ही चैन उरत नाही. पण तिचं पूर्ण भाडं भरणं म्हणजे मात्र शुद्ध चैन. या दोन वाक्यांच्या मधे जी फट आहे, तिथे माझा सगळा उद्योग चालतो.

ती फट का असते हे समजून घ्यायला जळगाव जिल्ह्यातला माणूस मला सगळ्यात लायक वाटतो, कारण त्याला केळीचा भाव कळतो. घड कापणीला आला की भाव असो नसो, थांबता येत नाही. आठ दिवसांनी त्याच घडाला कुणी विचारत नाही. विमानाची खुर्चीही तशीच नाशवंत. दार बंद झालं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. मात्र इथून पुढे हिशोब उलटा जातो, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. केळीवाला शेवटी शेवटी भाव पाडतो. विमान कंपनी शेवटी शेवटी चढवते. कारण अगदी ऐनवेळी येणारं गिऱ्हाईक अडलेलं असतं. कुणाची उद्या सकाळी बैठक असते, कुणाचं माणूस दवाखान्यात असतं. तो भाव करत बसत नाही. त्याच्यासाठी काही खुर्च्या महाग ठेवून द्यायच्या आणि उरलेल्या, ज्याला घाई नाही त्याला आधीच स्वस्तात विकायच्या, अशी ही विद्या आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९७७ साली 'सुपर सेव्हर' भाडी काढली तेव्हा अटी दोनच होत्या: तिकीट बरंच आधी काढा आणि तिथे काही दिवस राहा. कामासाठी फिरणाऱ्या साहेबाला दोन्ही जमत नाहीत, म्हणून स्वस्त भाडं बरोबर त्याच्या हातून निसटतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि ही रीत जगभर पसरली. क्वांटासने १९७९ साली 'बिझनेस क्लास' या नावाने वेगळा वर्ग विकायला काढला तो या साहेबासाठीच. आडवा पलंग त्यात पुष्कळ उशिरा आला. ब्रिटिश एअरवेजने तो या वर्गात आणला तेव्हा २००० साल उजाडलं होतं.

आता प्रश्न असा की बालीला, फुकेतला, मॉरिशसला कोणता साहेब कामासाठी जातो? जवळजवळ कुणीच नाही. लंडन, सिंगापूर, दुबईच्या विमानात पुढच्या खुर्च्या कंपन्यांच्या पैशांवर भरतात. नारळाच्या झाडांकडे जाणाऱ्या विमानात त्या भरायला मिळतात फक्त नवपरिणीत जोडपी आणि सत्तरी उलटलेले लोक. दोघंही खिशातून पैसे देतात, दोघंही चार ठिकाणी भाव विचारतात. म्हणून याच मार्गांवर खालच्या भाड्यांची दारं जास्त उघडतात. एकाच केबिनमधल्या, एकसारख्याच खुर्च्यांना कंपनीच्या संगणकात वेगवेगळी अक्षरं असतात. पूर्ण भाड्याला बहुतेक ठिकाणी 'जे', त्याखाली 'सी', 'डी', आणखी खाली 'आय', 'झेड', 'पी'. कंपनीगणिक थोडा फरक. खुर्ची तीच, जेवण तेच. बदलतात त्या अटी, म्हणजे तारीख बदलायचे पैसे, रद्द केल्यावर हाती येणारी रक्कम आणि जमा होणारे माइल्स, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी विमान कंपनी देते ते गुण. स्वस्तातलं स्वस्त अक्षर म्हणजे बहुधा 'घेतलं की घेतलं'. ज्याच्या घरी कधीही काहीही उपटतं त्याने हे नीट वाचावं.

आधी ठिकाण ठरवायचं आणि मग भाडं शोधायचं, हा आपला सर्वसाधारण शिरस्ता. मी उलटं करते. गुगल फ्लाइट्सवर मुंबई टाकायचं, वर्ग बिझनेस करायचा, आणि तारखेऐवजी महिनाभराचं कॅलेंडर उघडायचं. मग बँकॉक, डेन्पसार (म्हणजे बाली), मॉरिशस, कोलंबो, माले असं एकेक बघत जायचं. एकाच महिन्यात, एकाच मार्गावर दोन तारखांच्या भाड्यात दुपटीचा फरक दिसतो तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वास बसत नाही. माझी स्वतःची एक रेषा आहे: त्याच तारखेच्या इकॉनॉमीच्या दुपटीच्या आत बिझनेस आलं तरच पुढचं बोलायचं. ही काही शास्त्रातली रेषा नाही, पण रेषा असली की मोह आवरतो. मंगळवारी रात्री तिकीट स्वस्त मिळतं, ब्राउझरच्या गुप्त खिडकीतून शोधलं की भाव उतरतो, या गोष्टी मी सोडून दिल्या आहेत. भाव उतरतो तो त्या तारखेला माणसं नसतात म्हणून.

रेषेच्या आत भाडं आलं की दुसरी तपासणी विमानाची. बिझनेस क्लास हे नाव फार ढिलं आहे. मधे एकच वाट असलेल्या लहान विमानात त्या नावाखाली बऱ्याचदा नुसती रुंद, मागे कलणारी खुर्ची मिळते. तीन तासांच्या मालेसाठी तिच्यावर ज्यादा पैसे घालणं म्हणजे पैसा पाण्यात, आणि मालदीवला तर तो अक्षरशः पाण्यातच. मोठ्या विमानात, म्हणजे ७८७ किंवा ए-३५०सारख्या, खुर्ची बहुतेक वेळा सपाट होते. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचायचा. मधे थांबा असेल तर कोणता टप्पा कोणत्या वर्गात आहे हेही पाहायचं, कारण काही स्वस्त दिसणाऱ्या तिकिटांत अडीच तासांचा टप्पा बिझनेसचा आणि रात्रीचा लांबचा टप्पा मागच्या खुर्चीचा असतो. हे लपवलेलं नसतं, फक्त बारीक अक्षरात असतं. बँकेत इतकी वर्षं आम्ही दुसरं काय केलं!

बाकीच्या वाटा थोडक्यात सांगते. क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमान कंपनीच्या माइल्समध्ये वळवून तिकीट काढता येतं, आणि सिंगापूर एअरलाइन्ससारख्या कंपन्या पुढच्या महिन्यातल्या काही रिकाम्या खुर्च्या कमी माइल्सवर देतात. पण कार्डाचं बिल एक महिना जरी थकलं तरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं आणि सगळी कमाई धुऊन निघते. जो दर महिन्याला पूर्ण बिल भरतो त्याचाच हा खेळ. साधं तिकीट काढून नंतर वरच्या वर्गासाठी बोली लावायची सोयही पुष्कळ कंपन्या देतात. भुसावळच्या माणसाला ती लगेच कळते, कारण स्लीपरचं तिकीट काढून अचानक एसीचा डबा मिळाल्याच्या कथा तिथे घराघरात आहेत. फरक एवढाच की रेल्वे फुकट देते. कोलंबोहून निघणाऱ्या विमानांची पुढच्या वर्गाची भाडी बऱ्याचदा मुंबईपेक्षा उतरलेली असतात, पण दोन वेगळी तिकिटं जोडली आणि पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी तुमची कुणी लागत नाही. म्हातारं माणूस बरोबर असताना मी त्या वाटेला जात नाही. आणि चुकीने पडलेली भाडी! १ जानेवारी २०१९ला कॅथे पॅसिफिकने व्हिएतनाम ते न्यूयॉर्क बिझनेसची तिकिटं सातशे डॉलरच्याही आत विकून टाकली आणि वर ती पाळली. ऐकायला झकास. पण लॉटरी लागलेल्या माणसाची गोष्ट ऐकून कुणी शेती सोडत नाही.

खरी गोष्ट तारखांची, आणि तारखा आपल्या पंचांगात दडलेल्या आहेत.

मुंबईहून सुट्टीला जाणारी गर्दी कोणती? गुजराती, मारवाडी, मराठी कुटुंबं. ती मे महिन्यात जातात, दिवाळीत जातात, नाताळात जातात. आणि पितृपक्षात घरी बसतात. नवी गाडी नाही, सोनं नाही, सहल नाही. जळगावच्या सराफ बाजारात त्या पंधरवड्यात चक्कर मारा, एरवी जिथे उभं राहायला जागा नसते तिथे दुकानदार निवांत पेपर वाचत असतात. विमान मात्र त्या पंधरा दिवसांतही उडतंच. आणि हवामान? भाद्रपद वद्य म्हणजे साधारण सप्टेंबरचा उत्तरार्ध. फुकेतला तेव्हा पाऊस, मालदीवला ओलसर, पण बालीला एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, आणि मॉरिशसचा हिवाळा नुकता सरत आलेला. म्हणजे तिकडे ऊन चांगलं, इकडे खुर्ची रिकामी, आणि मधे आडवे आमचे पितर.

२०२४ साली मला असंच एक भाडं दिसलं. मुंबई, सिंगापूर, बाली. दोघांनी मिळून काढायचं तिकीट, रात्रीचा मोठा टप्पा आडव्या खुर्चीचा, इकॉनॉमीच्या दुपटीला थोडं कमी. तारखा पितृपक्षातल्याच. मायला फोन केला तर ती आधी ऐकूनच घेईना. "झोपाले इतला पैसा लागतस?" मग भाऊ बोलला, "पितरांत कुणी फिरायला जातं का?" शेजारच्या काकूंनीही मत दिलं, ते इथे लिहीत नाही.

मी पंचांग उघडलं. आप्पांची तिथ पंचमीची. त्या वर्षी पंचमी २२ सप्टेंबरला, रविवारी. पाच-सहा महिने आधी बसून मी मायला समजावलं: तिथ होऊ दे. खीर, कढी, वडे, गंगाफळाची भाजी, सगळं होऊ दे. आगारी टाकू, म्हणजे विस्तवावर पितरांचा घास ठेवू, कावळा शिवेपर्यंत मी स्वतः गच्चीवर उभी राहीन, आणि मग रात्रीची गाडी धरू. माय दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच फोन केला. म्हणाली, "पितर काय पासपोर्ट देखतस का?" या वाक्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला आणि पैसे भरले.

(कराचंही सांगून टाकते. तेव्हा इकॉनॉमीवरचा जीएसटी ५ टक्के आणि वरच्या वर्गावरचा १२ होता. २२ सप्टेंबर २०२५पासून वरच्या वर्गाचा १८ झाला, आणि तो दिवस नेमका घटस्थापनेचा. पितृपक्ष संपला आणि कर बसला.)

तिथीच्या रात्री अमळनेरहून निघून सकाळी बोरिवलीला भाचीकडे उतरलो, दिवसभर तिथे पडलो, आणि रात्री विमानतळ. पंधरवडाभर मायच्या ताटात कांदा-लसूण नसतो म्हणून जैन जेवण आधीच नोंदवलेलं. ते तिने चवीपुरतं खाल्लं आणि पिशवीतून दशमी काढली. शेजारच्या खुर्चीतला सुटाबुटातला माणूस बघत होता. त्यालाही एक दिली, त्याने घेतली. मग मी बटण दाबून तिची खुर्ची सपाट केली, पांघरूण घातलं. आडवी होताच तिला झोप लागली. पाच तासांनी सिंगापूरला चाकं टेकली तेव्हा ती दचकून उठली आणि मला म्हणाली, "सुरत उनं का?" सुरत आलं का, असं विचारत होती.

बालीत उतरलो ती गलुंगनच्या आदल्या दिवशीची दुपार. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, तारखा जुळवताना वाचलं होतं, पण प्रत्यक्ष बघायची गोष्ट वेगळी. बालीच्या हिंदूंचं एक पंचांग २१० दिवसांचं असतं, आणि त्या फेऱ्यात एकदा गलुंगन येतो. त्या वर्षीचा दुसरा गलुंगन २५ सप्टेंबरला होता. त्या दिवसापासून दहा दिवस पूर्वजांचे आत्मे आपापल्या घरी येऊन राहतात आणि कुनिंगनच्या दिवशी परत जातात, अशी श्रद्धा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दारोदारी 'पेंजोर' उभे: कमानीसारखे वाकलेले उंच बांबू, त्यांना नारळाची पानं, भाताच्या लोंब्या, फळं बांधलेली. घराघरासमोर पानांच्या छोट्या परड्या, त्यात फुलं आणि भाताची चार शितं. ड्रायव्हरने इंग्रजीत सांगितलं, मी मायला सांगितलं. ती खिडकीतून बघत राहिली. "म्हणजे यांचे पितर आत्ता घरी आलेयत?" हो. "आणि आपले?" आपले परवाच जेवून गेले. तिला हिशोब बरोबर वाटला. त्या दिवशी घरोघरी डुकरं कापतात हे मात्र मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही.

पुढचे दिवस ती समुद्रावर कमी आणि बाजारात जास्त रमली. केळी मूळची याच आग्नेय आशियाच्या पट्ट्यातली. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा मायला अभिमान. पण उबुदच्या बाजारात बोटाएवढ्या केळ्यांपासून हातभर केळ्यांपर्यंत दहा-बारा जाती एका ओळीत टांगलेल्या पाहून ती गप्प झाली. मग तिने एक फणी हातात घेतली, दाबून पाहिली आणि निकाल दिला: घाईत पिकवली नाहीत. भाव मात्र तिला जास्त वाटला. तिने अहिराणीत घासाघीस केली आणि बाईने चक्क कमी केले.

भाऊ हल्ली टिंगल करत नाही. उलट मधेच विचारतो, खुर्ची काढून घेतली तर काय? ते विचारणं रास्त आहे, कारण जागा जास्त विकल्या गेल्या की माणसाला खालच्या वर्गात ढकलतात. २०२३च्या फेब्रुवारीपासून आपल्या डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम असा आहे की तसं झालं तर आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतराप्रमाणे तिकिटाचे ३० ते ७५ टक्के परत द्यावे लागतात, करांसकट. त्याला हा नियम मी छापून दिला. त्याने तो पाकिटात ठेवला आहे, जायचा बेत कुठलाच नसताना.

सध्या माझ्यासमोर दोन नावं आहेत. सेशेल्स मुंबईहून चार तासांच्या आसपास, भाडं उतरलेलं दिसतं, पण विमान लहान आणि खुर्ची नुसती कलणारी. मॉरिशस सहा तास, मोठं विमान धरलं तर आडवं होता येतं. तिथे १८३४पासून पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जवळजवळ ५ लाख माणसं आपल्या देशातून मजूर म्हणून जहाजांत भरून नेली. पोर्ट लुईसला ती ज्या पायऱ्यांवरून चढली तो आप्रवासी घाट आता जागतिक वारसा आहे. त्यांच्यातल्या मराठी घरांमुळे तिथे आजही मराठी आहे आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मला तो घाट बघायचा आहे. पण मॉरिशसचं भाडं माझ्या रेषेच्या अजून वर आहे, त्यात आता अठरा टक्के. मायला दोन्ही सांगितलं. तिने जपमाळ थांबवून विचारलं, "सेशेल्सनी खुर्ची आडवी व्हस का?"

नाही म्हटलं.

"मंग मॉरिशसना भाव उतरू दे."